सगळ्या आयांची एकच शेजारीण

नागपुरात आमच्या सक्करदऱ्याच्या गल्लीत "लोक म्हणतात" हे दोन शब्द जपून वापरावे लागत. गजभिये काका ऐकण्याच्या अंतरावर असले, की त्यांची मान वर झालीच. "कोणते लोक? पुरा पत्ता सांगा."

त्यात भांडणाचा सूर नसायचा. खरंच उत्तर हवं असल्यासारखे ते खिशातली पेन्सिल काढून उभे राहायचे. काका स्टेशनजवळच्या टपालाच्या सॉर्टिंग ऑफिसात होते. आयुष्यभर हातातून पत्रं काढून काढून त्यांचं एक मत पक्कं झालं होतं: ज्याला पत्ता नाही, ते जगात नाही. देवाबद्दल कुणी विचारलं तर म्हणायचे, "मी काही बोलत नाही. पण त्याच्या नावानं आलेली पत्रं आमच्या ऑफिसात पडून राहते, इतकं मले माहीत आहे."

एकदा आमच्या दूधवाल्याने आईची शपथ घेऊन सांगितलं, की दुधात पाण्याचा थेंब नाही. काकांनी आईचा पत्ता विचारला. त्याने भाबडेपणाने दिला. उमरेडकडच्या कुठल्याशा खेड्यात राहायची ती. काकांनी तिला कार्ड टाकलं: आपला मुलगा रोज सकाळी साडेसहाला आपली शपथ घेतो, आपणांस कल्पना असावी. आठव्या दिवशी म्हातारी स्वतः एसटीने येऊन गल्लीत उभी राहिली. ती मुलाला काय बोलली ते मी लिहीत नाही, पण पुढे महिनाभर आमच्या दुधावर बोटभर साय येत होती.

सॉर्टिंग त्यांच्या हातातच भिनलं होतं. गल्लीतल्या एका लग्नात पंगत बसवायचं काम त्यांच्याकडे दिलं, तर त्यांनी पाहुणे जिल्ह्याप्रमाणे लावले. भंडारा एका ओळीत, वर्धा दुसऱ्या ओळीत. नवरदेवाचे मामा इंदूरहून आले होते. ते बिचारे एकटेच एका पाटावर, समोर भिंत. वाढपी त्यांच्याकडे वळायलाच विसरला.

घरात काका एकटे. बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मुलगी शांता लग्न होऊन दुर्गला. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, आणि बाकी सगळी भिंत कप्प्यांनी भरलेली. संत्र्यांची खोकी एकावर एक रचून त्यांनी ऑफिसासारखे कप्पे केले होते आणि प्रत्येकावर खडूने जिल्ह्याचं नाव होतं. मी एकदा चहा करायला उठले आणि विचारलं, "काका, चहापत्ती कुठं आहे?"

"चांद्यात."

"आणि साखर?"

"बालाघाटले. पण वरचा कप्पा आहे, मी देतो काढून."

या कप्प्यांतले खालचे काही मात्र सामानाचे नव्हते. त्यांत कात्रणं होती. काकांचा खरा छंद म्हणजे लहान मुलांच्या जाहिराती. बाळगुटी, ग्राइपचं पाणी, दुधाची पावडर, टाळूचं तेल. त्यांतही ज्या जाहिरातीत एखाद्या आईचं पत्र छापलेलं असेल ती. खाली नाव आणि गाव असायचं. पुरा पत्ता अर्थातच नाही. काका त्या नावाने आणि गावाने चौकशीचं कार्ड टाकायचे. टपालात असल्यामुळे कुठल्या गावाला कुठलं पोस्ट लागतं ते त्यांना तोंडपाठ होतं.

बहुतेक कार्डं परत यायची. "पत्ता अपुरा" किंवा "या नावाचे कोणी नाही" असा शेरा घेऊन. काका ते परत आलेलं कार्ड हातात धरून गल्लीभर दाखवत. "आणखी एक आई नाही निघाली," ते म्हणायचे. आम्हाला वाटायचं, निवृत्तीला आलेल्या माणसाला काहीतरी चाळा हवा. ती कार्डं आम्ही कुणी कधी वाचली नव्हती. काका त्याला चौकशी म्हणत, आणि चौकशी म्हणजे काय असणार हे आम्हाला दूधवाल्यावरून माहीत होतं.

मग माझा मुलगा झाला.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, चाळीस पोरांना एका नजरेत गप्प बसवणारी. माझं स्वतःचं साडेतीन महिन्यांचं पोर मात्र माझं काही ऐकेना. खाली ठेवलं की रडायचं. उचललं की थांबायचं. आणि अंगाने किडकिडीत. नवऱ्याची नोकरी पाटबंधारे खात्यात, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. सासूबाई पारशिवनीहून मदतीला आल्या होत्या, पण त्यांची मदत बरीचशी बोलण्यात होती. "आमच्या देवळापाशी एकीचं पोरगं आहे, सूनबाई, चारच महिन्याचं. पण कसं मस्त गुटगुटीत. दुधाच्या पावडरचा डबा देते ते."

डॉक्टरीणबाईंनी बाळाला तोललं, तपासलं आणि म्हणाल्या, वजन सावकाश वाढतंय पण वाढतंय, पोर ठणठणीत आहे, तुमचीच झोप होत नाही. एवढ्यावर कुठल्या आईचं समाधान होतं? मी एका साप्ताहिकातलं 'माईचा सल्ला' हे सदर वाचायला लागले. माई म्हणायच्या, रडणाऱ्या बाळाला लगेच उचलू नये, सवय लागते. माई म्हणायच्या, काही आयांचं दूध पुरत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि त्याच पानावर, माईंच्या शेजारीच, 'शिशुवैभव' नावाच्या दुधाच्या डब्याची जाहिरात. वर गोबऱ्या गालांचं बाळ, खाली त्याच्या आईचं पत्र.

मी ते पत्र काकांना वाचून दाखवलं. ते रोज संध्याकाळी ड्युटीवरून येताना आमच्या दारात थांबत आणि बाळाकडे पाहून विचारत, "पार्सल कसं आहे?" त्या दिवशी मी म्हटलं, "काका, मी डबा आणणार आहे. हे वाचा, या बाईचं अगदी माझ्यासारखंच होतं."

त्यांनी वाचलं. घरी गेले आणि कात्रणांचा गठ्ठा घेऊन परत आले. आमच्या खाटेवर त्यांनी पत्ते मांडावेत तशी ती मांडली.

"वाचा, मास्तरीणबाई."

पहिलं वाचलं. बाळ सारखं रडायचं. वजन वाढेना. आम्ही काळजीत होतो. शेजारणीने शिशुवैभव सुचवलं. तीन आठवड्यांत बाळ हसू-खेळू लागलं. आता सगळे विचारतात, काय देता? दुसरं वाचलं. तेच. तिसऱ्यात डबा निराळ्या कंपनीचा होता, पण तेच. चौथं अर्ध्यावर आलं तेव्हा पुढचं मला न बघता म्हणता आलं असतं.

"नऊ आया," काका म्हणाले. "नऊ गावं. डबे चार जातीचे. पण सगळ्यांची शेजारीण एकच. हे बाई कुठं राहते, तेच मले सापडून नाही राहिलं."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मला रडू आलं, आणि रडू लपवायला राग आला. इतक्या दिवसांत कुणीतरी 'माझंही असंच होतं' म्हणणारं भेटलं होतं, आणि ते या माणसाने खाटेवर मांडून खोटं ठरवलं होतं.

"तुमचं काय जातं, काका?" मी म्हणाले. "तुमच्या घरात रडणारं मूल आहे कुठं?"

काकांनी कात्रणं गोळा केली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी कसंही गोळा केलं असेल. काही उलटी, काही सुलटी.

दुसऱ्या दिवशी ते दारात येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"एक सांगाचं राहिलं काल," ते म्हणाले. "त्याच्यातली एक खरी आहे. कुहीची. यमुनाबाई. चार वर्षं झाले, माझ्या कार्डाचं उत्तर आलं होतं तिचं. मास्तरानं लिहून दिलं होतं. बाळ बरं आहे म्हणे."

सासूबाई आतून बाहेर आल्या. "पाहा. मी काय सांगून राहिली होती? मंग डबा खराच आहे ना?"

"आई खरी आहे," काका म्हणाले. "डब्याचं मी काही म्हणलं नाही."

आपली बाजू पडणार हे ठाऊक असूनही सांगायला आले होते. माझा राग ओसरला, पण मनाचा गुंता काही सुटला नाही. मी म्हटलं, "मग जाऊन विचारूच या तिला. तुमची सुट्टी कधी आहे?"

इथे काका गडबडले. गुरुवारी सुट्टी आहे, पण गुरुवारी पाणी भरायचं असतं. कुहीची एसटी फार हलते. लहान लेकराला ऊन लागेल. आणि उत्तर आलं म्हणजे पत्ता खरा, आता माणसाला त्रास काहून द्यायचा? जो माणूस दूधवाल्याच्या आईला उमरेडहून बोलावतो, तो कुहीला जायला का कचरतोय ते मला कळेना. मी हट्टच धरला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "जा ना गा भाऊ घेऊन. एकडाव पाहून घेऊ द्या तिले."

गुरुवारी सकाळच्या एसटीने आम्ही निघालो. बाळ माझ्या मांडीवर निम्मा रस्ता रडलं. काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. कुहीला उतरल्यावर मात्र त्यांनी कुणालाही वाट विचारली नाही. पोस्टावरून डावीकडे, पिंपळापाशी उजवीकडे, असे ते नुसत्या पाकिटांवरच्या पत्त्यांवरून ओळखीच्या झालेल्या गावातून सरळ चालत गेले.

एका घराच्या अंगणात धान वाळत घातलं होतं. तिशीतली एक बाई पायाने ते परतत होती. काकांनी नाव सांगितलं तशी ती जागीच थांबली.

"तुम्ही ते कार्डवाले काका व्हय?"

"हाव," काका म्हणाले. आणि मग माझ्याकडे न पाहता, "बाई, तुम्ही बसा, बोला. मी जरा पोस्टातून येतो. इथले पोस्टमास्तर ओळखीचे आहेत." आणि गेलेच.

यमुनाबाईंनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, बाळाला माझ्याकडून घेतलं. मी काकांकडून घेतलेलं जाहिरातीचं कात्रण पुढे केलं आणि विचारलं, हे तुमचंच बाळ ना?

त्या हसायला लागल्या. "हे पाहा, हेच थे बाळ." अंगणात एक पाच वर्षांची काटकुळी मुलगी काठी घेऊन धानावरच्या चिमण्या हाकलत होती. "सुनंदा नाव आहे तिचं. पेपरात त्यायनं लिवलं का माझा राजा म्हणून. राजा कुठचा? पोरगी होय ना थे."

हळूहळू सगळं कळलं. तालुक्याला बाळांचं प्रदर्शन भरलं होतं. सुनंदा तेव्हा सहा महिन्यांची, गोबरी. तिला पहिला नंबर मिळाला आणि बक्षीस म्हणून शिशुवैभवचा डबा. फोटो काढणाऱ्याने एका कागदावर अंगठा घेतला. बस.

"मग तिला डबा किती दिवस दिला?"

"नाही दिला ना बाई. माझ्याच अंगावर पेत होती ते, वरून भाताची पेज. डब्यातली भुकटी जावेनं चहात टाकून संपवली. डबा चांगला आहे पण. मीठ ठेवतो मी त्याच्यात."

"आणि ते पत्र? शेजारीण? तीन आठवडे?"

"मी काय पत्र लिहीन, बाई? मले तं लिहिता येत नाही. अन् शेजारीण कोण? इकून माझी जाऊ राहते, तिकून गोठा आहे."

ज्या एका आईवर मी विसंबले होते तीही पत्रातली नव्हती. पण गंमत अशी, की मला वाईट वाटलं नाही. समोर एक खरी बाई बसली होती आणि माझं पोर तिच्या खांद्यावर शांत झालं होतं.

"काकांचं कार्ड आलं तेव्हा घाबरला असाल तुम्ही," मी म्हणाले. "ते फार कडक चौकशी करतात."

"चौकशी?" यमुनाबाईंना कळलंच नाही. "मास्तरानं वाचून दाखवलं मले. मंग मी आणखी दोन-तीनदा वाचून घेतलं. आता पाठच झालं आहे." आणि बाळाला थोपटत थोपटत, शाळेतली मुलं कविता म्हणतात तसं त्यांनी ते कार्ड म्हणून दाखवलं:

"सौ. यमुनाबाई यांस सप्रेम नमस्कार. आपले छापील पत्र वाचले. ते आपण लिहिले असो वा नसो. बाळ कसे आहे ते कळवावे. रडत असल्यास कडेवर घेण्यास हरकत नाही. सवय लागते म्हणतात ते खरे नाही, मी पाहिले आहे. आपणांस झोप मिळते काय? घरात कोणी बाळ धरावयास आहे काय? उत्तर न आले तरी चालेल."

मग त्या म्हणाल्या, "तवा सगळे पोरीले पाहाले यायचे. नंबर आला होता ना तिचा. मले झोप येते का म्हणून कोणं नाही इचारलं."

सासूबाईंनी पुढे डब्याचं नाव काढलं नाही. काढलं असतं तरी मी आणणार नव्हते. बाळ आपल्या वेळेने भरलं, नवव्या महिन्यात रांगायला लागलं आणि पहिल्या आठवड्यातच काकांचा भंडारा जिल्हा त्याने रिकामा केला. आजही ते किडकिडीतच आहे. त्याच्या बायकोची तशी तक्रार नाही. पण हे सगळं नंतरचं. मला त्या गुरुवारच्या परतीच्या एसटीचंच सांगायचं आहे.

दुपारची गाडी. गर्दी नव्हती. मी काकांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुमचं कार्ड ऐकलं मी."

काकांनी पेन्सिल काढली, पाहिली, परत खिशात ठेवली. "कार्डावर जागा कमी राहते," ते म्हणाले. "चौकशी लिहाले पुरत नाही."

"काका."

ते खिडकीबाहेर पाहत बोलले. "शांता अकरा दिवसांची होती, तवा तिची माय गेली. माझी बहीण दिवसा पाहायची. ड्युटीवरून आलो का मी. तुमच्या पार्सलसारखीच होती ते. ठेवली का रडे, घेतली का चूप. कोणाले विचारू? आमच्या ऑफिसात सगळे बाप्ये. मंग एका मासिकात अशाच एका ताईचं सदर होतं, तिले लिहिलं मी. चांगलं दोन पानं. मी बाप आहे, तिची माय वारली, पोरीले खाली ठेवू का हातात घेऊ, इतकंच सांगा म्हणून."

"आलं उत्तर?"

"आलं ना. आठ दिवसांत आलं. छापील." काका हसले, पण नेहमीसारखे नाही. "वर लिहिलं होतं, प्रिय भगिनी. आपले पत्र वाचून आनंद झाला. खाली डब्याचं नाव, अन् एक कुपन."

मी बाळाचं टोपडं सारखं केलं.

"दोन पानं लिहिले होते मी," ते म्हणाले. "कोणं वाचलेच नाही. तवापासून वाटते, ह्या पेपरातल्या बायांतली एखादी तं खरी असन. अन् तिलेही कोणं विचारलं नसन."

"मग शांताला खाली ठेवलंत की घेतलंत?"

"घेतली. सव्वा वर्ष घेतली. आता दुर्गले तिची स्वतःची दोन आहेत. सवय-बिवय काही लागली नाही तिले. मलेच लागली."

बाळ चुळबुळ करायला लागलं. काकांनी हात पुढे केले आणि मी ते त्यांच्याकडे दिलं. त्यांनी ते खांद्यावर टाकलं, एक हात मानेखाली, एक पाठीवर, आणि तोंडाने काहीतरी पुटपुटायला लागले. कान देऊन ऐकलं तर स्टेशनांची नावं होती, ओळीने, एका संथ चालीत. गाडी हलत होती. खिडकीतून वारा येत होता. मी दोन मिनिटं डोळे मिटू या म्हणून मान मागे टेकली.

जाग आली तेव्हा गाडी उभी होती. आत कुणी नव्हतं. खिडकीबाहेर नागपूरचा स्टँड होता आणि ऊन बरंच उतरलं होतं. पायरीपाशी बसून कंडक्टर चहा पीत होता. मला उठलेलं पाहून तो म्हणाला, "बाई, गाडी येऊन पाऊण तास झाला. पण या काकांनी हात लावू दिला नाही कोणाले. तुमाले उठवाचं नाही म्हणे."

काका शेजारी होते तसेच बसले होते. बाळ त्यांच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं आणि शर्टावर लाळेचा मोठा डाग पडला होता. हात अवघडून पार आखडला असावा, कारण ते मान न वळवता, हलक्या आवाजात माझ्याशी बोलले.

"अजून झोपा थोडं," ते म्हणाले. "ही गाडी साडेपाचपर्यंत इथंच आहे. मी विचारून ठेवलं आहे."